भरली का?

आमच्याकडं एक शब्द लई कामाचा आहे. पोट भरतं, विहीर भरते, बाजार भरतो. जखमेनं कातडं धरलं की जखम भरली. आणि गाईला वळू दाखवला, नाहीतर डॉक्टरच्या नळीनं रेतन करून घेतलं, की गाय भरली. एकच शब्द, आणि कुणाचा कधी घोटाळा होत नाही, कारण बोलणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचं लक्ष एकाच ठिकाणी असतं. आमचा मात्र झाला. दुष्काळाच्या साली, जनावरांच्या छावणीत, माझ्या मायच्या गाईच्या बाबतीत झाला.

मी तेव्हा बीडला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. हॉस्टेलच्या टाक्या कोरड्या पडल्या, टँकर येईना, मग मुलींना सांगितलं, घरी जा. घरी जा म्हणायला काय जातंय? घरी तरी कुठं पाणी होतं. पण निदान तिथं भांडायला आपली माणसं होती. मी गेवराईची एसटी धरली आणि गावात न जाता माळावरच उतरले, कारण आमचं अर्धं घर त्या उन्हाळ्यात छावणीत हललं होतं. वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, तिथंच राहायचे. माय सकाळी गावातलं आवरून दुपारनंतर भाकरी घेऊन यायची.

छावणी म्हणजे हिरव्या जाळीखाली जनावरांच्या रांगा. ज्याचा त्याचा खुंटा, ज्याची त्याची बाज, मधे पत्र्याच्या पाण्याच्या टाक्या. उसाचं वाढं खाऊन खाऊन जनावरांची तोंडं सोलवटली होती. माणसं दिवसभर आभाळाकडं नाही, रस्त्याकडं बघत बसायची, चाऱ्याची गाडी दिसते का म्हणून.

दादांनी आमची बाकीची जनावरं पाव्हण्यांकडं पाठवली होती, ज्यांच्या विहिरीला थोडं पाणी होतं त्यांच्याकडं. राहिली ती एक तांबडी गाय. एक वेत झालेली, अंगानं धिप्पाड आणि स्वभावानं अशी आगाऊ की शेजारच्याचं वाढं तोंडानं ओढून खायची. ती मायची. घर दादांचं, रान दादांचं, मीसुद्धा दादांची लेक म्हणूनच गावाला ठाऊक. गाय तेवढी मायची होती. आमच्या गावात बायकांची दूध संस्था आहे. माय तिची पहिल्यापासूनची सभासद. तिथं दूध घालायला गेली की तिला तिच्या नावानं हाक मारायचे. एरवी गावात तिला तिच्या नावानं कुणीच हाक मारत नव्हतं. हे तिनं मला एकदा अगदी सहज सांगितलं होतं, चुलीत लाकूड सारता सारता.

पण गाय आटली होती. त्या हिवाळ्यात दोनदा भरवली आणि दोनदा उलटली, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आली. तिसऱ्या वेळी दादांनी स्पष्टच सांगितलं.

"या टायमाला राहिली तर राहिली. न्हाईतर बाजाराला. भाकड जनावराला चारा घालायचे दिवस न्हाईत हे."

दुष्काळात बाजाराला गेलेली भाकड गाय कुणाच्या गोठ्यात जात नसते. दादांना ते माहीत होतं, मायलाही माहीत होतं.

तिसऱ्या वेळी मायनं स्वतः गेवराईहून रेतन करणाऱ्या एका खाजगी माणसाला बोलावून घेतलं. तो मोटारसायकलवर गार डबा बांधून आला. माय गाईचं तोंड धरून उभी राहिली. तेव्हापासून तिचा जीव टांगणीला. गाईला पळू द्यायची नाही, कुत्रं जवळ येऊ द्यायचं नाही, फोनवर मला विचारायची, "राहिली असंल का गं? तुमच्या पुस्तकात काय लिव्हलंय?" मी म्हणायचे, इतक्या लवकर कुणालाच कळत नसतं, माय. ती म्हणायची, मग एवढं शिकून काय उपेग.

आणि त्यातच गाईनं मांडी फाडून घेतली. टाकीचा पत्रा कडेला उचकटला होता, पाण्याला धक्काबुक्की झाली आणि चांगली हातभर चीर पडली. दादा मुळातच काळजीचा माणूस. जखमेत किडे पडतील म्हणून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हळद लाव, जांभळं औषध मार, फडक्यानं माशा हाक. छावणीत येणारा-जाणारा त्यांना विचारायचा, "काय दादा, भरली का?" आणि दादा सांगायचे, न्हाई बा अजून. चोवीस तास त्यांच्या डोक्यात तेवढं एकच.

मी पोचले त्या दिवशी छावणीत दूध संघाचं शिबिर होतं. ज्या गाई-म्हशी गाभण राहत नाहीत त्यांना तपासायचं आणि औषध द्यायचं. भोंग्यावर गाणी चालू होती. मी खुंट्यापाशी गेले तर दादा खुशीत. इतक्या महिन्यांनी त्यांच्या तोंडावर हसू बघून मलाच बरं वाटलं.

"डाक्टरनं इंजेक्शन दिलंय बघ," ते म्हणाले. "फुकट. दोन-तीन दिसात भरून येतीया मनले."

मी जखम बघितली. जखम काही दोन-तीन दिवसांत भरणारी नव्हती, पण म्हटलं असेल काही नवीन औषध. मी बाजेवर बसले, पाणी प्यायले. शेजारच्या खुंट्याला दोन भाकड गाई बांधून एक म्हातारे मामा बसले होते, ओळख छावणीतलीच. ते तंबाखू मळत सहज म्हणाले,

"माझ्या दोनीला बी तेच दिलं. आता येत्याल माजावर. तुमची बी येईल."

खरंच सांगते, पेला हातातून खाली ठेवला ते मला आठवत नाही. भाकड गाईला माजावर आणायचं इंजेक्शन कोणतं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं. भरवलेल्या गाईला ते दिलं की आत राहिलेलं पडून जातं, परीक्षेला प्रश्नच होता तो.

रांगेच्या शेवटी डॉक्टर अजून होते. खांद्यापर्यंत प्लॅस्टिकचा हातमोजा, घामानं शर्ट भिजलेला, सकाळपासून किती जनावरांत हात घातला असेल देव जाणे. मी धापा टाकत विचारलं, तांबड्या गाईला काय दिलं? त्यांनी नाव सांगितलं. मी म्हटलं, डॉक्टर, ती भरवलेली होती. मागच्याच्या मागच्या आठवड्यात.

त्यांनी हातमोजा ओढून काढला. मग म्हणाले, "मी विचारलं होतं. ते नाही म्हणाले."

आम्ही दोघं खुंट्यापाशी परत आलो आणि मग झालं काय ते जुळलं. डॉक्टर गाईच्या मागं, हात आत घालून. दादा बाजूला, मांडीपाशी वाकून माशा हाकत. वर भोंगा. डॉक्टरनं विचारलं, भरली का ही? दादा म्हणाले, कुठं भरली ओ, लागतील अजून आठ-पंधरा दिवस. डॉक्टर म्हणाले, मग इंजेक्शन देतो, दोन-तीन दिवसांत येईल, मग भरून घ्या. दादा म्हणाले, द्या की साहेब, लई उपकार झाले.

दादा ऐकत होते. त्यांना एकदम कळलं नाही. मग कळलं. त्यांनी हातातलं फडकं खाली टाकलं आणि परत उचललं.

"मी जखमेचं मनलो," ते म्हणाले. "मी तर जखमेचं सांगायलतो."

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. त्यानं टाळाटाळ केली नाही. म्हणाला, नुकतीच भरवलेली असती तर या औषधानं काही झालं नसतं, अंडाशयावरची गाठ, जिच्या जोरावर गाभ टिकतो, ती कच्ची असती. पण मला हाताला गाठ चांगली पिकलेली लागली, म्हणून तर दिलं. मी विचारलं, उलट औषध? तो म्हणाला, दिलेलं परत काढता येत नाही. प्रत्येक जनावराला लागू पडतंच असंही नाही. बघा दोन-तीन दिवस. माजावर आली नाही तर समजा वाचलं.

म्हणजे आता आमच्या हातात काय, तर गाईकडं बघत बसायचं. ती हंबरते का, दुसऱ्या जनावरावर चढायला बघते का, मागून काचेसारखी स्वच्छ तार लोंबते का. यातलं काही दिसलं की संपलं.

माय दुपारनंतर आली. कुणी सांगायचं? दादा उठून पाण्याच्या टाकीकडं निघून गेले. मग मीच सांगितलं. मला वाटलं ती आरडाओरडा करेल, कपाळ बडवेल. तिनं काहीच केलं नाही. भाकरीचं गाठोडं सोडलं, दादांच्या भाकरी काढून ठेवल्या, आणि गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. दादांशी ती बोलली नाही. त्या दिवशीही नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. जेवण वाढायची, पण बोलायची नाही.

बोलली ती माझ्याशीच.

"केवढं असंल गं ते आता?"

"खसखशीचा दाणा बघ. तेवढं. तेही असलं तर."

"असलं तर कावून म्हणतीस? हायच ते."

मी तिला समजावत बसले. मला दुसरं काही येतच नव्हतं. सांगितलं, माय, आधी एक पेशी असते, तिच्या दोन होतात, चार होतात, सुरुवातीला सगळ्या सारख्याच. कुणी कातडं व्हायचं, कुणी काळीज व्हायचं हे अजून ठरलेलं नसतं. सगळ्यांच्या आत जनुकांचं तेच एक पुस्तक असतं, फक्त कुणी कोणतं पान उघडायचं ते हळूहळू ठरत जातं. मग त्यांचा एक पोकळ बुडबुडा होतो. तो गाईला अजून चिकटलेलासुद्धा नसतो, नुसता आत तरंगत असतो. आणि गाईच्या अंगाला पत्ताच नसतो की आत कुणी आलंय. तिचं अंग आपलं दर तीन आठवड्यांनी नेमानं झाडलोट करायला निघतं. पिशवीतून एक रसायन सुटतं, अंडाशयावरची ती गाठ विरघळते आणि गाय परत माजावर येते.

"मग गाभण राहती कशी?"

"त्या आधी ते बारकं एक प्रथिन तयार करून सोडतं. मी हाय, एवढा निरोप. तो आईच्या अंगाला पोचला की झाडलोट थांबते."

मायनं गाईच्या पाठीवरचा हात काढला नाही. "एवढंसं ते, आणि निरोप धाडतं?"

"धाडतं."

"मग यानं धाडला असंल का?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण मी म्हणाले, "वेळ झाली नव्हती अजून. आणि धाडला असता तरी माय, सुईतून तेच रसायन गेलंय. त्याच्यापुढं ऐकू येत नाही."

हे बोलले आणि माझा मलाच राग आला. कशाला एवढं खरं बोलायचं? वर्गात पाठ म्हणून दाखवल्यासारखं. मायनं गाईला दोन कांड्या ऊस जास्त घातला.

दुसरा दिवस मी कसा काढला माझं मला माहीत. गाय उठली की आम्ही तिघं ताठ. गाय हंबरली की मी मागं जाऊन शेपटी उचलून बघायचे. एकदा हंबरली ती नुसती चाऱ्याची गाडी बघून, आणि दादा पळत आले टाकीपासून, धोतर सावरत. मामा म्हणाले, काही न्हाई बे, भूक लागली तिला. दादा आल्या पावली परत गेले. ते आमच्याजवळ बसतच नव्हते. लांबून बघायचे.

जखम धुवायचं काम मी घेतलं, हाताला काहीतरी हवं म्हणून. आणि जखमेचं तर काय, दृष्ट लागावी अशी सुधारत होती. तळातून लाल दाणेदार मांस वर येत होतं, कडेनं गुलाबी कातडं आत सरकत होतं. मला पुस्तकातलं सगळं तिथं दिसत होतं. कडेच्या पेशी शेजारणीचा हात सोडतात, चपट्या होतात आणि उघड्या जागेवर रांगत निघतात. पोटातल्या पिलाच्या अंगात याच पेशी असंच रांगत जागा धरतात, तीच जनुकं, तेच काम. फरक एवढाच की अगदी कोवळ्या पिलाला चीर गेली तर कडेच्या पेशी तंबाखूच्या चंचीच्या नाडीगत आवळून घेतात आणि व्रणसुद्धा राहत नाही. मोठ्या जनावराला तेवढं जमत नाही. काहीबाही ठिगळ लागतं, वर केस उगवत नाहीत. मला हे सगळं पूर्वी फार सुंदर वाटायचं. त्या दिवशी मला त्या जखमेचा संताप आला. आता काय घाई झालीय हिला भरायची, असं वाटलं. शिबिराच्या दिवशीच अशी भरत आलेली दिसली असती, तर दादांनी डॉक्टरला दुसरंच उत्तर दिलं असतं.

संध्याकाळी मायनं माझ्याजवळ हळूच विचारलं, "आता तर न्हाई ना येणार? दोन दिस झाले की."

"उद्याचा दिवस जाऊ दे," मी म्हणाले. माझ्याही मनात आशा यायला लागली होती, आणि तिची भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत माय गावातून आली. घरचं काही न आवरता आली असणार. मी झाडत होते. ती गाईच्या मागं गेली आणि तिथंच थांबली. मी बघायला गेले. शेपटीखाली ती तार लोंबत होती. लांब, स्वच्छ, जमिनीपर्यंत. मग गाय हंबरली, मान वर करून, पूर्ण गळ्यानं. रांगेतल्या बाकीच्या जनावरांनी कान टवकारले. मामांनी आमच्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

मला रडू आलं आणि मी रडले, तिथंच, झाडू धरून. माय रडली नाही. पदराचं टोक घेऊन तिनं ती तार पुसली. परत लोंबली, परत पुसली.

दादा आले. त्यांनी बघितलं. आम्हा दोघींना माहीत होतं त्यांनी काय सांगून ठेवलं होतं ते. तिसऱ्यांदा उलटली होती आणि बाजार परवावर होता. ते खुंट्यापाशी वाकले तेव्हा मला वाटलं दावं सोडायलेत. मायलाही तेच वाटलं असणार, कारण ती खुंटा आणि दादा यांच्या मधे जाऊन उभी राहिली. तिसऱ्या दिवशी ती पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"ती उलटली न्हाई. तुमी उलटवलीत."

दादा तसेच वाकलेले. ते दावं सोडत नव्हते, गाठ पक्की करत होते. उठून म्हणाले, "गेवराईला जाऊन त्या माणसाला घिऊन येतो. दुपारच्या आत येतो." आणि रस्त्याला लागले. जीप मिळेपर्यंत चालतच गेले असतील, कारण त्या वेळेला एसटी नसते.

माणूस आला, गाय परत भरवली. जखम पुढं महिन्याभरात भरली, तिथं केस काही आले नाहीत. त्या वेळी गाय राहिली. छावणी उठली, पुढच्या साली कालवड झाली, तिच्यामागून गोऱ्हा झाला. बाजाराचा विषय दादांनी परत काढला नाही. आणि 'भरली' हा शब्दही ते वापरेनासे झाले. जखमेला बरी झाली म्हणतात, विहिरीला पाणी आलं म्हणतात. गावातले लोक त्यांची चेष्टा करायचे, दादा शहरी बोलायलेत म्हणून.

मी शिकत राहिले. आता माझं कामच ते आहे, काचेच्या बशीत खसखशीएवढे जीव बघायचे. त्यातले किती टिकले, किती गेले, ते आम्ही रोज बोलतो, चहा पिता पिता. त्या इंजेक्शनच्या वेळी गाईच्या पोटात खरंच काही होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. दोनदा ती राहिलीच नव्हती. तिसऱ्या वेळीही कदाचित आत काहीच नसेल. बघितलं कुणी? मी एकदा मायला हे सांगायला गेले होते, तिला बरं वाटावं म्हणून. तिनं मला चहा दिला आणि विषय बदलला.

मागच्या दिवाळीला घरी होते तेव्हा एक नवा डॉक्टर गाय बघायला आला, तरुण पोरगा. गाय आता म्हातारी झालीय. दादा ओसरीवर बसलेले, मी शेजारी. त्यानं दात बघितले, कास बघितली आणि विचारलं,

"किती वासरं झाली हिला?"

"चार," माय आतून म्हणाली.

झाली तीन. पहिलं, मग कालवड, मग गोऱ्हा. मी तोंड उघडलंच होतं. पोरगा दादांकडं बघत होता, घरधनी काय म्हणतो ते ऐकायला.

"चार," दादा म्हणाले. "एक गेलं."

"कशानं गेलं?"

दादांनी गाईच्या मांडीवरच्या त्या बिनकेसाच्या जागेकडं बघितलं.

"माझ्या बोलण्यानं," ते म्हणाले.